मनकर्णेची अर्धी रजा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची म्हणाल, तर पाणदळ्याच्या खाडीवर पूल नव्हता, नुसती होडी होती, आणि होडीवाल्याला लहर आली तरच ती सुटायची, तेव्हाची. त्या गावात मनकर्णा नावाची एक बाई होऊन गेली. ती देवीशी भांडली आणि तिने देवीला माघार घ्यायला लावली, असं म्हणतात. भांडणाचं कारण काही थोर होतं असं समजू नका. बाई जळत होती. नवऱ्यावरून जळत होती, आणि कुणावर, तर साक्षात गावच्या सातेरीवर.

पाणदळ्याच्या सातेरीला मूर्ती नाही. देवळाच्या गाभाऱ्यात पुरुषभर उंचीचं वारूळ आहे, तीच देवी. वारूळ काही बोलत नाही, म्हणून देवी घाड्याच्या अंगात येऊन बोलते. घाडी हे तिथलं एक घराणं. बापामागून मुलगा, त्याच्यामागून त्याचा मुलगा, असा देवीचा अवसार त्याच घरात येत राहायचा. ज्याच्या अंगात देवी येते त्याला तिकडे देवीचं झाड म्हणतात.

मनकर्णा लग्न होऊन आली ती झिलू घाड्याच्या घरात. झिलू उंच, सरळ आणि अबोल. दिवसाला मोजून चार शब्द बोलायचा, त्यातले दोन बैलांशी. मनकर्णा बडबडी, पण तिने ते चालवून घेतलं. तो संध्याकाळी शेतावरून आला की ती पेज वाढायची, तो खाली मान घालून जेवायचा, आणि हा माणूस आपला आहे एवढ्यावर ती खूश असायची.

दोन वर्षांनी सासरा वारला आणि त्याच साली जत्रेत ढोल वाजले तसा झिलू थरथरायला लागला. मानकऱ्यांनी त्याला देवीचं हिरवं लुगडं नेसवलं, हातात बांगड्या भरल्या, केसांत अबोलीचा वळेसर माळला. आणि मग झिलूने तोंड उघडलं. लोण्यासारखा आवाज, थांबणं ठाऊक नाही. म्हाताऱ्यांची विचारपूस काय, गुरांची चौकशी काय, एकेकाला जवळ घेऊन 'बाळा, असा रडतंस कित्याक?' काय. सगळा गाव डोळे पुसत होता. मनकर्णाही रांगेत उभी होती, कारण झाडाच्या बायकोलासुद्धा त्या दिवशी पाया पडावं लागायचं. तिची पाळी आली. नवऱ्याचाच हात तिच्या डोक्यावर आला आणि नवऱ्याच्याच तोंडातून देवी म्हणाली, "सुखी ऱ्हव गो चेडवा." तिच्या पुढच्या बाईला जे म्हटलं होतं तेच, तितकंच.

मनकर्णेच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन ती चुलीसमोर बसली आणि लाकडं आत सारत एकटीच बोलत राहिली. माझ्याशी बोलायला याची जीभ झिजते. आणि तिला मात्र आख्खं तोंड दिलंय वापरायला.

पुढे दरवर्षी हे वाढत गेलं. जत्रेआधी आठ दिवस झाडाने देवळात राहायचं, स्वतः रांधून खायचं, बायकोच्या सावलीलाही उभं राहायचं नाही. मनकर्णा तेही सोसत होती. पण पहिल्या साली घटकाभर आलेली देवी दुसऱ्या साली दुपारपर्यंत थांबली, तिसऱ्या साली दिवे लागेपर्यंत, आणि पाचव्या साली आली ती तीन दिवस गेलीच नाही. ना जेवण, ना झोप. चौथ्या दिवशी झिलूला चौघांनी उचलून घरी आणलं तेव्हा त्याच्या बरगड्या दिसत होत्या. गावकर, म्हणजे गावचा पहिला मानकरी, मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "यंदा देवी बरी रमली."

रमली. हा शब्द मनकर्णेच्या काळजात रुतला. कुठे रमली? माझ्या नवऱ्यात. सात दिवस झिलू पडून होता आणि ती त्याला चमच्याने पेज भरवत होती. तो छपराकडे बघायचा. त्याच्या चेहऱ्यावर मोठ्या घरची पंगत सोडून आलेल्या माणसाची कळा होती. तेव्हा मनकर्णेला खरी भीती कळली. पुढच्या खेपेला हा जाईल आणि परत येणार नाही, आणि मरेल म्हणून नव्हे, तर यावंसं वाटणार नाही म्हणून. असं म्हणतात की त्या दिवसापासून ती देवळावरून जाताना वारुळाकडे पाठ करून जायची.

पण नुसती पाठ फिरवून काय होतं? एका गुरुवारी ती होडीत बसली आणि खाडीपलीकडच्या पिराकडे गेली. त्या दर्ग्यात गुरुवारी सगळ्या जातींच्या बाया यायच्या. कुणाच्या अंगात बुडून मेलेली जाऊ, कुणाच्या अंगात वडावरचं कोण कोण. केस सोडून घुमायच्या, आणि तिथली सांभाळणारी जैनबबी मोरपिसांचा कुंचा घेऊन एकेकीशी बोलायची. मनकर्णा तिच्यासमोर जाऊन बसली.

"माज्या घोवाच्या अंगात एक बाई येता. तिका भायर काढ."

"कोण ती? तरणी मेलेली?"

"ती मराची नाय. सातेरी ती."

जैनबबीच्या हातातला कुंचा खाली पडला. तिने दोन्ही कानांना हात लावले. पीर हा सातेरीचा भाऊ मानतात; त्याच्या उरुसाची मिरवणूक, म्हणजे संदल, निघतो तो आधी सातेरीच्या दारात थांबतो, भावाची पहिली चादर बहिणीला दाखवतात, हे सगळ्या खाडीला ठाऊक होतं. "भावान बहिणीक केसांक धरून भायर काढूची?" ती म्हणाली. "ह्या माज्याच्यान होवचा नाय, बाय. पण एक सांगतंय. हय ज्येच्या अंगात कोण येता, तेका मी पयलो सवाल करतंय, कोणाच्या रजेन इलंस? बऱ्याच जणांक जवाब देऊक येणा नाय. जवाब नाय तर ऱ्हवूक जागा नाय."

कुणाच्या परवानगीने आलीस, हा सवाल मनकर्णेने पदराला गाठ मारावी तसा मनात बांधला. तरी तिचं समाधान झालं नाही. ती तशीच टेकडी चढून वर पाद्र्याकडे गेली. पाद्री म्हातारा होता, आंब्याच्या झाडाला आळं करत होता. हिंदूंची बाई आपल्याकडे देवी काढून मागते आहे हे ऐकून त्याला हसू आलं, मग तिचा चेहरा बघून त्याने ते गिळलं. तो म्हणाला की तुमच्या देवीचं मला काही कळत नाही. पण आमच्यात देवाला एका पोरीच्या पोटी यायचं होतं, तेव्हा त्याने आधी दूत पाठवून तिला विचारलं. ती पोर हो म्हणेपर्यंत दूत दारात उभा होता.

"आणि ती नाय म्हणाली असती तर?" मनकर्णेने विचारलं.

पाद्र्याने हातातलं खुरपं खाली ठेवलं. "तर दूत परत गेलो असतो," तो म्हणाला.

मनकर्णा घरी आली ती तणतणतच. पिराकडे विचारतात, पाद्र्याच्या देवाने विचारलं. आणि आमची ही? नांगर धरायचा तर तिला विचारा, सोयरीक करायची तर तिला विचारा. तिने मात्र कधी कुणाच्या दारात उभं राहून येऊ का म्हटलेलं नाही.

जत्रा आली. ढोल वाजले, झिलू थरथरला, देवी आली. गावकराने गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने केलेलं मागणं. एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी व्हय म्हाराजा म्हणायचं. मागणारा पुरुष. व्हय म्हणणारे पुरुष. बायका मागे. मागून मनकर्णा उठली, माणसं बाजूला सारत पुढे आली आणि देवीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कोणाच्या रजेन इलंस?"

ढोल थांबला. असं म्हणतात की खाडीची भरती तेवढ्यापुरती होती तिथेच थबकली. देवीने मान वळवून मनकर्णेकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, "तेच्याच रजेन. तोच माका हाक मारता. वर्षभर वाट बघता माजी."

हे मात्र मनकर्णेने गृहीत धरलं नव्हतं. भर देवळात कुणी तोंडात मारावी तसं तिला झालं. देवी जबरदस्तीने येते, माझा नवरा बिचारा, एवढ्या आधारावर ती इथवर आली होती. आणि तो तर स्वतःच दार उघडून बसलेला. तिला रडू आलं, राग आला, देवीपेक्षा झिलूचा जास्त आला. पण ती मागे फिरली नाही. डोळे पुसून ती म्हणाली, "तेची रजा अर्धी. अर्धी माजी. ती मी आज देणंय नाय."

सात पिढ्यांच्या मानकऱ्यांचं देवीने कधी ऐकलं नव्हतं. पण मनकर्णेचं ऐकून त्या क्षणी ती गेली. झिलू रिकाम्या पोत्यासारखा खाली बसला.

गावाने मनकर्णेला काय काय म्हटलं ते सांगण्यात अर्थ नाही. गावकराने तर वाळीत टाकायची भाषा केली. दुसऱ्या दिवशी ढोल वाजले, झिलू बसला, कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी मानकरी मनकर्णेच्या अंगणात आले आणि तिने त्यांना उन्हात बसवून आत नाचणी दळली. झिलू ओटीवर दोर वळत बसला होता. पण त्या संध्याकाळी जेवताना त्याने मान वर केली.

"खरा आसा ता," तो म्हणाला. "थय माका बोलूक येता."

"आणि हय?"

झिलूने मान पुन्हा ताटात घातली. पण मनकर्णा सांगायची की लग्नानंतर तो तिच्याशी असं खरं पहिल्यांदाच बोलला, आणि म्हणूनच तिला जास्त झोंबलं.

पाचव्या दिवशी काय झालं ते बघायला सारी खाडी लोटली होती म्हणतात. ढोल वाजले आणि झिलू थरथरत उठला, पण देवळात थांबला नाही. हिरव्या लुगड्यात, मळे तुडवत, बांधावरून तो थेट आपल्या घराशी आला. मागे सगळा गाव. तो उंबऱ्याबाहेर थांबला. पाय अंगणात, देवी ना धड आत, ना धड बाहेर. आणि देवीच्या आवाजात, पण फार हळू, विचारणं झालं.

"मनकर्णे, येव काय?"

मनकर्णा तांदूळ धूत होती. तिने ते धुऊन संपवले. पाणी केळीच्या बुडाशी ओतलं. हात पुसले. मग दारात आली.

"ये. दिवे लागूच्या आधी माजो माणूस माका परत होयो, चार जणांच्या खांद्यार नाय, चालत. आणि तेच्या तोंडान गोड बोलतंस, तेतला थोडा मागे ठेवन जा. सगळा घेवन जाव नको."

देवी हसली. सातेरी हसलेली गावाने तेव्हा पहिल्यांदा ऐकली. आणि त्या संध्याकाळी झिलू आपल्या पायांनी घरी आला, ओटीवर बसला आणि बायकोला म्हणाला, "दमलंस गो?" एवढंच. पण मनकर्णेने ते पुढे चाळीस वर्षं लोकांना सांगितलं.

यानंतर दोघींची मैत्री झाली असं सांगणारे लोक आहेत, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. मनकर्णा मरेपर्यंत जळत होती. दरवर्षी देवी दारात यायची आणि दरवर्षी ही तिला ताटकळत ठेवायची. एकदा तर देवीचा वळेसर आपल्यापेक्षा भरगच्च आहे एवढ्यासाठी तिने नाही म्हटलं, आणि गावाला जत्रा एक दिवस पुढे ढकलावी लागली. देवीने कधी कोप केला नाही. विचारल्याशिवाय आलीही नाही.

मनकर्णा झिलूच्या आधी गेली. त्या साली झिलू आपल्याच घराच्या उंबऱ्यासमोर दिवे लागेपर्यंत उभा होता. आतून कुणी बोललं नाही. देवी आली नाही, आणि झिलूच्या अंगात ती पुन्हा कधीच आली नाही. लोक म्हणाले, आता मोकळा झालास, बोलाव तिला. तो म्हणाला, "अर्धी रजा माज्याकडे खंय आसा?"

झिलूमागून घाड्यांच्या घरात पुढचं झाड आलं, आणि अजूनही पाणदळ्यात जत्रेच्या सकाळी ढोल देवळातून निघून घाड्याच्या दारात येतो, आणि झाडाच्या बायकोचा होकार मिळेपर्यंत वाजायचा थांबतो. पलीकडे पिराच्या दर्ग्यात गुरुवारी जिच्या अंगात कोणी येतं, तिच्या घरच्या माणसालाही पुढे बोलावून विचारतात, रजा देतंस काय? घाड्यांच्या घरात नवी सून आली की सासू तिला पहिल्याच जत्रेआधी चुलीपाशी बसवते आणि नाही म्हणायला शिकवते. मोठ्याने म्हणायला लावते, दोनदा, तीनदा, आवाज चढेपर्यंत. हो म्हणायला शिकवत नाहीत. मागच्या पिढीत एका सुनेने दारात खरंच नाही म्हटलं, कारण काय ते तिने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. ढोल खाली ठेवला, लोक आपापल्या घरी जाऊन जेवले.