ईहिताचं दुसरं बारसं

“...की नावाचं मूळच चुकलं असेल, आक्का?”

श्रीनिवास गुरुजी अर्ध्या तासापासून बोलत होते. हायस्कूलात संस्कृत शिकवणारा माणूस. लेकीच्या नावासाठी त्यांनी सहा महिने कोश पालथे घातले होते. ईहिता. ‘ईह्’ धातूपासून आलेलं. मनापासून इच्छिलेली, असा अर्थ. पंचक्रोशीत दुसरी ईहिता नाही, हेही एव्हाना तीनदा सांगून झालं होतं.

मठातल्या म्हाताऱ्या राधाक्का वाती वळत ऐकत होत्या.

लेक वर्षाची झाली, तरी नावाने हाक मारली की वळून बघत नाही, ही गुरुजींची तक्रार. दोष घरच्यांचा. कोणी चिमी म्हणतं, कोणी ठमाबाई. पोरीला आपलं नाव कळणार कसं? त्यांनी लाडाची नावं बंद केली. तरी ती वळेना. म्हणून आता बारसं पुन्हा करायचं, आणि आत्याऐवजी आक्कांनी नाव कानात सांगायचं, अशी विनंती घेऊन ते आले होते.

“वृंदा काय म्हणते?” आक्कांनी विचारलं.

“तिला व्याकरणातलं काय कळतंय.”

शेजारी बसलेल्या वृंदाने मान खाली घातली.

आक्का उठल्या. ईहिता जमिनीवर झेंडूच्या पाकळ्या चिवडत बसली होती. तिच्या पाठीमागे जाऊन आक्कांनी पितळी ताम्हन उचललं आणि हातभर उंचीवरून फरशीवर टाकलं.

पत्र्यावरची कबुतरं उडाली. गुरुजी दचकून उभे राहिले.

ईहिता पाकळ्या चिवडत होती.

“पुन्हा...” गुरुजी कसंबसं म्हणाले.

आक्कांनी ताम्हन पुन्हा टाकलं.

ईहिताने एक पाकळी तोंडात घातली.

...

गुरुजींनी बायकोकडे पाहिलं.

“मी दोनदा म्हटलं होतं, डॉक्टरांना दाखवू,” वृंदा हळूच म्हणाली. “तुम्ही म्हणालात, आधी नाव नीट घ्यायला शिका.”

गुरुजी आक्कांकडे वळले.

“आक्का... मग त्या नावाला अर्थ काय राहिला?”

आक्कांनी त्यांचा हात धरला, लेकीच्या पुढ्यात नेऊन मांडी घालून बसवलं. ईहिताने वर पाहिलं. बापाचा चेहरा दिसताच ती खुदकन हसली.

“तालुक्याची एस.टी. अकराला आहे,” आक्का म्हणाल्या. “तोवर इथेच बस. तिच्यासमोर.”