एडक्याची तालीम

फार पूर्वी एका डोंगरावर एडक्याची तालीम होती. तिथे टकरीशिवाय दुसरे काही शिकवत नसत. एकदा रानडुकराने साऱ्यांना झुंजीला बोलावले. कुठलाही डाव चालणार होता.

तालमीतला भुऱ्या बोकड म्हणाला, “वस्ताद, डुक्कर पाय ओढून पाडतो म्हणतात. पडल्यावर उठायचं कसं, तेवढं शिकवा.”

“माझ्या तालमीतलं कुणी पडत नसतं!” एडक्याने त्याला फटकारले.

झुंजीत भुऱ्याने सणसणीत टक्कर मारली. डुकराने ती सोसली, त्याला आडवे केले आणि अंगावर बसला. भुऱ्या नुसता पाय झाडत राहिला. एक पाय कायमचा अधू झाला.

महिन्याने तो लंगडत तालमीच्या दाराशी आला. आत एडका कोकरांना सांगत होता, “भुऱ्याला टक्करच नीट जमली नाही.”

कोकरे माना डोलावत होती.