तीन आत्या आणि एक झबलं

जरीचा परकर घालूनच झोपणार म्हणतेस, कुंदे? बरं, झोप. गोष्ट ऐका सगळी.

एक होता राजा. तो गेला होता लांब मोहिमेवर. मागे राणी केवडा आणि तिचं तान्हं बाळ. बाळाला आत्या तीन, आणि तिघींच्याही नाकावर राग, बरं का. बारशाला थोरलीने आणलं जरीचं झबलं. मधलीने आणली लोकरीची कुंची. धाकटीने रेशमी दुपटं, त्याला चार बंद. आता एकीचं घालावं तर दुसरी रुसणार. मग राणीने काय केलं? रोज बाळाला निजवताना सगळंच घातलं. मान राखला हो तिघींचा.

बाळ काही झोपेना. रडून रडून लालबुंद व्हायचं. अंगभर घामोळं उठलं. बरोबरीची बाळं पालथी पडली, पुढे सरकू लागली. हे आपलं गाठोड्यासारखं उताणं. मग आत्याच म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या माहेरचीच मुलं मंद असतील." बाळ असंच राहिलं तर, या भीतीने राणीला अन्न गोड लागेना.

एका दुपारी ती पाळण्याशी रडत बसली. पाळण्यावर चिमणाळं टांगलेलं होतं, रंगीत लाकडी पाखरांचं. ती पाखरं चक्क बोलू लागली. चिमणी म्हणाली, "टोचतंय." मैना म्हणाली, "उकडतंय." राघू म्हणाला, "आवळतंय." मग तिघं मिळून म्हणाली, "अगं बाई, बाळ रोज हेच तर सांगतंय. आम्ही वरून ऐकतोय."

राणी उठली. तिने दुपट्याचे बंद सोडले. मग कुंची काढली. मग जरीचं झबलं काढलं. आपल्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचं सैलसं झबलं घातलं. बाळाने हात ताणले, पाय झाडले आणि ते गाढ झोपलं.

थोड्या वेळाने आत्या आल्या. आपापले कपडे बाजूला पडलेले पाहून तिघींची तोंडं फुगली. राणी कधी वर मान करून बोलायची नाही, पण आज बोलली. "वन्सं, रुसायचं तर माझ्यावर रुसा. सणावारी एकेकीचं घालीन, हौसेने मिरवीन. झोपताना मात्र हेच."

तिघी फणकाऱ्याने वळल्या. तोच मागून हुंकार आला. बाळ जागं झालं होतं. त्याने एक पाय उचलला, कूस वळवली. हात अंगाखाली अडकला, मग सुटला, आणि स्वारी पालथी.

"अगंबाई, पालथा पडला की गं," थोरली म्हणाली. आणि तिघींचं रुसायचं राहूनच गेलं.

मग राजा परत आला. गावभर साखर वाटली. सगळी सुखाने नांदू लागली. लाकडी पाखरं पुन्हा गप्प झाली, त्यांना सांगायचं काही उरलंच नाही.

काय गं कुंदे, उठलीस का? टोचतोय ना परकर? ठेव काढून त्या पेटीवर. हं, घाल तुझा जुना फ्रॉक. निजा आता सगळी.