गळ्याची कंठी

"मग बुवा, ही भीती आली कुठून? मी तर तिला जिंकलं होतं!"

रेवणनं विचारलं खरं, पण त्याचा आवाज कापत होता.

त्याच्याइतका शांत माणूस मठात दुसरा नाही असं सगळे म्हणत, आणि त्यालाही ते मनापासून पटायचं. एखादा नवा साधक रागावला, की हा असा काही गालात हसायचा, की त्या बिचाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आणि आता? पान हललं तरी छातीत धडधड. रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही. ऐन थंडीत घामाच्या धारा, आणि हातातला पेला नुसता डुगडुगतोय.

गुरुबंधू म्हणाले, कुंडलिनी जागी झाली! पायावर डोकी ठेवली की हो त्यांनी. रेवणही फुलून गेला. पण आज सकाळी आंधळ्या बयाजीकाकांचा नुसता धक्का लागला आणि त्यानं त्यांच्यावर चुलीतलं जळतं लाकूड उगारलं. मग मात्र त्याची बोबडी वळली.

"आईचंही असंच झालं होतं... शेवटी तिला खांबाला बांधून ठेवायचे. बुवा, मलाही वेड लागतंय!"

आवजीबुवांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"पी."

रेवण प्यायला. बुवा त्याच्या गळ्याकडे बघत राहिले. दीक्षेच्या दिवशी त्यांनीच बांधलेली रुद्राक्षाची कंठी तेव्हा सैल होती. आता मणी कातडीत रुतले होते. घोट गिळताना कंठीखालचा फुगवटा वर सरकला, खाली आला.

बुवांनी अडकित्ता घेतला आणि कंठीचा दोरा कचकन तोडला.

रेवणनं बुवांचे पायच धरले. या मठात कंठी उतरते ती चितेवर, नाहीतर माणसाला हाकलून देताना.

"बुवा, मला टाकू नका हो!"

"आईचा गळा आठवतो?"

"सुजलेला असायचा... लोक म्हणायचे, दुःख अडकलंय."

"डॉक्टरला दाखवला?"

"नाही."

"तू दाखव. आत्ता नीघ. थायरॉईडचं असणार. गळ्यातली ती ग्रंथी जास्त पाझरायला लागली, की तिचा रस रक्तातून थेट डोक्यात जातो आणि माणसाला सळो की पळो करतो. रक्त तपासतील, गोळ्या देतील. होशील शांत."

रेवणला हुंदका फुटला. आईसाठी फुटला, की सुटल्यासारखं वाटलं म्हणून, त्याचं त्यालाच कळेना. डोळे पुसून तो निघाला. पण उंबऱ्यात पुन्हा थबकला. आता वेगळीच धास्ती.

"बुवा... गोळ्यांनी आलेली शांती... ती माझी कशी म्हणायची?"

बुवा खाली वाकून विखुरलेले मणी वेचत होते.

"आणि आधीची रे? ती कुणाची होती?"