खिंडीतली गाडी

आंबेखिंडीत जीपच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा तुटल्याचा तो कडाड आवाज ड्रायव्हर सोनबांच्या कानातून तीस वर्षांत गेला नव्हता. मागच्या सीटवर बाळंतपणात अडलेली बाई विव्हळत होती. बाभळीचं लाकूड लावून, मुंडाशानं पाटा आवळून त्यांनी तिला दवाखान्यात पोचवलं होतं.

आज दवाखान्यासाठी चारही चाकांना जोर असलेली नवी फोर बाय फोर गाडी घ्यायची होती. शोरूममध्ये दवाखान्याचे चेअरमन म्हणाले, "पाट्यांची गाडी हाडं खिळखिळी करते. एअर सस्पेन्शनची घेऊ. हवेच्या फुग्यांवर पाळण्यासारखी झुलते!"

सोनबांनी विचारलं, "खिंडीत फुगा फुटला तर?"

"अरे, कंपनीचा माणूस दोन तासांत येतो!"

"मग 'दोन तास थांब' एवढं अडलेल्या बाईच्या पोटातल्या बाळाला तुम्हीच सांगा, साहेब."

चेअरमननी पाट्यांच्या गाडीच्या कागदावर सही केली आणि ते चालते झाले.