ओळख पुसलेला गिअरबॉक्स

गाड्यांचे भाग आपसात बोलायचे, तेव्हाची गोष्ट सांगते. एका पिकअपचं इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जुने सोबती. चढाला इंजिन दमलं, की गिअरबॉक्स आपणहून, सावकाश खालचा गिअर द्यायचा. मालक तुळाजीला, मेल्याला, तेवढाही धीर नव्हता. त्यानं लॅपटॉपवाला बोलावला. लॅपटॉपवाल्यानं वायर जोडून गिअरबॉक्सचं सारं शिकलेलं पुसलं आणि नवं भरलं.

घाटात गिअर खटाखट पडू लागले.

"अरे, जरा दम घेऊ दे!" इंजिन कळवळलं.

"आपण कोण?" गिअरबॉक्सनं विचारलं.

"थट्टा करतोस, मुडद्या? दहा वर्षं शेजारी आहोत!"

"मला कुणी शेजारी नाही."

इंजिन भीतीनं थरथरलं. ती थरथर जाणवताच तुळाजीनं लॅपटॉपवाल्याला फोन लावला, "आता इंजिनाचंही करून टाका."

लॅपटॉपवाल्याची वायर जवळ येताच इंजिन जिवाच्या आकांतानं ओरडलं.

तुळाजी खूश झाला. "ऐका, काय दमदार आवाज आहे!"