मिठाच्या घड्याचा शाप

एका राज्यात, डोंगराच्या कुशीत, सातवण नावाचं गाव होतं. गावाला एक राई होती, राईत बारमाही झरा होता, आणि राई कुणा एकाची नव्हती. मध काढायचा तो सगळ्यांनी मिळून, वाटून घ्यायचा तोही सगळ्यांनी मिळून. असा रिवाज सात पिढ्या चालला. मग राजाला शिकारीसाठी राई हवीशी वाटली आणि गावच्या पाच पंचांनी ती त्याला देऊन टाकली. गाव गप्प बसलं. गप्प बसण्यात त्या गावाचा हात कुणी धरला नसता.

एकटी येसू भरसभेत उठली. म्हणाली, "राई सगळ्यांची, मग देणारे तुम्ही पाच कोण?"

पंचांनी उत्तराऐवजी एक घडा पुढे आणला. राजाच्या मांत्रिकाने तो मंत्रून दिला होता. प्रत्येक घराने त्यातल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकायचं. मीठ विरघळलं, की ज्याचं नाव घेतलं त्याचा आवाज गावापुरता विरघळला. घरामागून घर उठलं, चिमटीमागून चिमूट पडली. येसूची थोरली बहीण गोजरा, तिचीही पडली. त्या घटकेपासून येसूचे ओठ हलताना दिसत, शब्द ऐकू येत नसे. तिने गावाबाहेर झोपडी बांधली.

तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी पाणवठ्यावर गोजराला मागून हाक आली, "अक्का!"

स्वच्छ, खणखणीत हाक. गोजरा दचकली. तिने इकडेतिकडे पाहिलं, तर बायका खाली माना घालून घागरी भरत होत्या. तिला वाटलं, मला एकटीलाच ऐकू आलं. माझंच मीठ कमी पडलं. हे कुणाला कळलं, तर पुढचं नाव माझं. ती मुकाट्याने घरी आली. हे एक दिवस नाही, अकरा वर्षं चाललं. येसू रोज हाक मारी आणि गोजरा रोज बहिरी होई.

बाराव्या वर्षी येसूची हाक खोकल्यात अडकू लागली. तेव्हा गोजराच्या मनात आलं, बहीण अशीच गेली तर? ओ न मिळताच गेली तर? तिने मांत्रिकाची गुहा गाठली आणि त्याचे पाय धरले.

"महाराज, माझ्या बहिणीचा शाप सोडवा."

"तीन कामं आहेत. होतील?"

"होतील."

पहिलं काम, अजगराच्या डोहातून ओंजळभर पाणी आणायचं. अजगर जो मागे वळून पाही त्यालाच गिळत असे. मागे न पाहण्याचा गोजराला चांगलाच सराव होता. ती पाणी घेऊन आली. दुसरं काम, शापित खजिन्यातून रिकाम्या हाताने बाहेर पडायचं. तिथलं एकेक रत्न ओळखीच्या आवाजात विनवी, "मला ने, मला ने." त्या विनवण्याही तिने सहज कानाआड केल्या. दोन्ही कामं इतकी सोपी गेली, की तिला स्वतःची शिसारी आली.

तिसरं काम, खरं बोलणारी साळुंकी आणायची. ती उंच फांदीवर बसली होती. म्हणाली, "तुझं एक खरं दे, मग येते."

गोजरा झाडाखाली दोन दिवस बसून राहिली. तिसऱ्या दिवशी तिच्या तोंडून निघालं, "मला ती ऐकू येते. सगळं ऐकू येतं." साळुंकी उतरून तिच्या खांद्यावर बसली.

साळुंकीसमोर मांत्रिकालाही खोटं बोलवेना. "बाई, मंत्र तीन दिवसांचाच होता."

"तीनच दिवसांचा?"

"राजाने तेवढाच मागितला. म्हणाला, पुढचं गाव आपणहून करील."

साळुंकीला खांद्यावर घेऊन गोजरा गावात आली ती तडक सभेत उभी राहिली. म्हणाली, "मला येसू ऐकू येते." थोरल्या पंचाने घडा पुढे ओढला आणि गोजराचं नाव घेतलं. साळुंकी म्हणाली, "ऐकू तर सगळ्यांनाच येते." मीठ टाकायला कुणी उठेना. मग एक म्हातारी कुंभारीण रडत बोलली, "मलाही येते गं." मग तिचा मुलगा, मग शेजारी, मग घरंच्या घरं. जो तो म्हणे, मला वाटलं मी एकटाच.

शाप तुटला. पंच पायउतार झाले. सारं गाव ओरडत राईत शिरलं, आणि इतक्या गळ्यांना पुरेल असा मंत्र मांत्रिकाजवळ नव्हता. राजाने राई सोडली. मध पुन्हा सगळ्यांचा झाला. येसूला मानाने सभेत बसवलं.

गोजरा तिच्या पायाशी बसली. "तुला ठाऊक होतं, मला ऐकू येतं ते?"

"होतं. मी हाक मारली, की तुझी पावलं भरभर पडायची."

"मग इतकी वर्षं हाका कशाला मारल्यास?"

येसू खोकली. म्हणाली, "रोज वाटायचं, आज वळशील."

कहाणी इथे सरली. ज्यांनी ऐकली, त्यांनी ऐकली असं म्हणावं.